साडेपाचची बोहनी

आमचं इंटरनेटवरचं दुकान मंगळवारी सकाळी नऊ वाजून चार मिनिटांनी कायमचं बंद झालं. तीनशे टोपल्या समुद्रापार गेल्या खऱ्या, पण ज्या बाईच्या नावानं जायच्या होत्या तिचं नाव कुणाला दिसणार नाही अशा बेतानं गेल्या.

हे झालंच नाही असं समजा. साऊ मावशीनं तसंच समजायचं ठरवलंय. बुधवारी पहाटे तिनं फोन ओल्या फडक्यानं पुसला, ओंग दियासमोर ठेवला आणि बोहनीची वाट बघत बसली. ओंग दिया म्हणजे आमचा जमिनीचा देव. सुटलेल्या पोटाचा, सदा हसतमुख, दुकानात खाली जमिनीवरच बसणारा. त्याला रोज एक कप काळी कॉफी लागते. तर दुकान चालू आहे, देवाची कॉफी गरम आहे, आणि आपण सुरुवातीपासून सुरुवात करू.

साऊ मावशी ही माझ्या आईची धाकटी बहीण. खरं नाव दोआन थी लुआ. भावंडांत सहावा नंबर, म्हणून साऊ. प्रत्यक्षात ती पाचवी. पण आमच्या देशाच्या दक्षिणेत थोरल्या मुलालाच दोन नंबर देतात, त्यामुळे कुठल्याच घरात पहिला कुणी नसतो. ज्या मुलखात पहिलं कुणी जन्मालाच येत नाही, तिथे दुकानातल्या पहिल्या गिऱ्हाइकाला एवढा मान का, हे मला अजून कळलेलं नाही. माझं नाव न्हान. म्हणजे निवांत. हे नाव ठेवलं तेव्हा घरच्यांना पुढचं काही दिसत नव्हतं.

आम्ही न्गा बाय नावाच्या गावात कालव्याच्या काठी राहतो. कालव्यात जलपर्णी इतकी माजते की होडीचा पंखा अडकतो. ती काढून टाकायला सरकार पैसे देतं आणि ती विकत घ्यायला मावशी पैसे देते. या दोघांची कधी गाठ पडलेली नाही. मावशीच्या शेडमध्ये नऊ बायका. दांडे उन्हात वाळवायचे, गंधकाची धुरी द्यायची, वेणी घालायची आणि लोखंडी सांगाड्यावर टोपली विणायची. तळाची चटई वेगळी विणतात आणि शेवटी दुहेरी करून शिवतात. हे तळाचं लक्षात ठेवा. बाकीचं विसरलात तरी चालेल.

तीस वर्षं बाजारात विकून उरलेला सगळा माल व्यापारी फातशेठ घ्यायचा. एकदा त्याच्या गोदामात मावशीनं आपलीच टोपली पाहिली, परदेशी लेबल लावलेली. लेबलावर टोपली विणणाऱ्या एका बाईचा हसरा फोटो होता. ती बाई आमच्यातली नव्हती. आमच्याकडे टोपली विणताना कुणी हसत नाही, कंबर दुखते. मावशीनं तो फोटो बराच वेळ पाहिला आणि घरी येऊन मला एवढंच म्हणाली, "मरायच्या आधी एक टोपली माझ्या नावानं जाऊ दे."

तेवढ्यात महिला संघाचं शिबिर निघालं. 'जगाची बाजारपेठ तुमच्या हातात.' मावशीच्या हातात कोयता होता, म्हणून मला पाठवलं. मी तेव्हा मोबाइलच्या दुकानातली नोकरी सोडून घरी होते. म्हणजे घरच्यांच्या मते मी नवऱ्याच्या शोधात होते आणि माझ्या मते मी झोपत होते. तीन दिवसांत टोपलीचा फोटो कसा काढायचा, परदेशी माणसाला 'प्रिय' कसं म्हणायचं आणि साइटवर दुकान कसं उघडायचं, हे सगळं शिकवलं. साइटचं नाव घेत नाही. घेतलं तर ती मला पुन्हा ओळख पटवायला सांगेल.

दुकान उघडायला मावशी तयार झाली, पण एका अटीवर. पहिलं गिऱ्हाईक परत जाता कामा नये.

बाजारात हे सगळ्यांनाच माहीत असतं. सकाळचं पहिलं गिऱ्हाईक मागेल त्या भावात माल द्यायचा. त्यानं नुसतं बघून पाठ फिरवली, की कागद पेटवायचा, मालावरून ओवाळायचा, आणि गिऱ्हाईक गेलं त्या वाटेवर टाकायचा, म्हणजे अपशकुन जळतो. मावशीनं आयुष्यात एकदाच पहिल्या गिऱ्हाइकाला नाही म्हटलं. त्या दुपारी तिची मालाची होडी बंधाऱ्यापाशी बुडाली. या दोन गोष्टींचा संबंध काय, असं आमच्याकडे कुणी विचारत नाही. ज्यानं विचारलं असतं तो होडीत होता.

मी अट मान्य केली. साइटवर गिऱ्हाइकाशी आपोआप बोलणारी एक सोय होती. तिला सांगून ठेवलं: पहाटे साडेपाचला दिवस सुरू; त्यानंतर जो पहिला भाव मागेल त्याला हो म्हण, मग भाव काहीही असो. तिनं तीनदा विचारलं, नक्की? मी तीनदा हो म्हटलं. त्या यंत्राला माझ्यापेक्षा जास्त अक्कल होती, एवढंच यातून सिद्ध होतं.

पहिले आठ दिवस बरोब्बर साडेपाचला कुणीतरी यायचं, सगळ्या टोपल्या एकेक करून बघायचं आणि काही न घेता निघून जायचं. मी खोलात जाऊन पाहिलं. तो माणूस नव्हता. इंटरनेटवर कुठे काय आहे याची नोंद ठेवत फिरणारं ते एक यंत्र होतं.

"त्याच्याकडे पैसे नाहीत का?" मावशीनं विचारलं.

"त्याला हातच नाहीत, मावशी."

"मग येतो कशाला?"

"बघायला."

मावशीनं जुना पेपर काढला, पेटवला आणि फोनभोवती तीनदा ओवाळला. फोननं कळवलं की तो फार तापलाय आणि आता बंद होतोय. मावशी म्हणाली, बघ, त्यालाही कळलं. त्यानंतर रोज पहाटे मी उठायचे, यंत्र येऊन गेलं की सांगायचे आणि मावशी कागद पेटवायची. शेडमधली दिएप वहिनी, जिची जीभ सुईपेक्षा जास्त चालते, ती म्हणायची की जगाची बाजारपेठ हातात आली की नाही ते माहीत नाही, पण रद्दीवाल्याला आमच्या घरून काही मिळेनासं झालंय.

नवव्या दिवशी तुरिद आली.

तुरिद नॉर्वेची. साडेपाचला तिनं एक डॉलर देऊ केला, चाळीस डॉलरच्या टोपलीला. साइटवरच्या आमच्या बोलक्या यंत्रानं हो म्हटलं. पाठवणीचा खर्च तिचा. दुसऱ्या दिवशी साडेपाचला पुन्हा एक डॉलर. तिसऱ्या दिवशीही. आमच्याकडे पहाट व्हायची तेव्हा तिच्याकडे अजून कालचाच दिवस चालू असायचा. म्हणजे आमचं आजचं पहिलं गिऱ्हाईक रोज कालच्या दिवसातून यायचं. मी हे मावशीला समजावून सांगायचा प्रयत्न केला. ती म्हणाली, लांबून येते, थकत असेल.

आमच्या बाजारात असं झालं नसतं. विकणारी जशी पहिल्या गिऱ्हाइकाला नाही म्हणत नाही, तसं घेणारंही सकाळी सकाळी भाव पाडत नाही. ज्याला घ्यायचंच नाही तो दहाच्या आत बाजाराकडे फिरकत नाही. रिवाज दोन टोकांनी धरलेला असतो. मी साइटवर त्यातलं एकच टोक चढवलं होतं. दुसरं चढवायला तिथे रकानाच नव्हता.

एकेचाळीस दिवस, एकेचाळीस टोपल्या. एका माणसाला एवढ्या टोपल्यांचं काय करायचं असतं, यावर शेडमध्ये रोज चर्चा व्हायची. दिएप वहिनीचं म्हणणं, ती टोपल्यांचं घर बांधत असेल, तिकडे विटा महाग असतील. पण तुरिद प्रत्येक टोपलीला पाच तारे द्यायची आणि खाली लिहायची की असं प्रेमळ दुकान तिनं पाहिलेलं नाही. मावशीनं निकाल देऊन टाकला, बाईचा पायगुण चांगला आहे.

आणि पायगुण निघालाच. ते तारे बघून लिस्बनच्या ग्रासा नावाच्या दुकानदार बाईंचा निरोप आला. तीनशे टोपल्या, पूर्ण भावात, आणि प्रत्येक टोपलीवर विणवून घेणारीच्या नावाची कापडी पट्टी.

मावशीनं मला तो निरोप तीनदा वाचायला लावला. मग ती उठली, पाय धुऊन आली आणि चौथ्यांदा वाचायला लावला. दुसऱ्या दिवशी आम्ही मोटरसायकलवरून शहरातल्या छापखान्यात गेलो. 'दोआन थी लुआ', निळी अक्षरं, पांढरी पट्टी. नाव मोठं टाकू का, असं छापखानेवाल्यानं विचारलं. मावशी म्हणाली, मोठं नको, वाचता आलं म्हणजे झालं. परत येताना तिनं पट्ट्यांची पिशवी सीटखाली ठेवू दिली नाही. चौदा किलोमीटर पोटाशी धरून बसली.

पाच आठवड्यांचं काम होतं. नऊजणी दिवस उजाडला की बसायच्या आणि दिसेनासं झालं की उठायच्या. मी फोटो काढायचं सोडून दांडे निवडायला लागले. बोटांना गंधकाचा वास कायमचा बसला. त्यातही रोज एक टोपली तुरिदला एक डॉलरमध्ये जातच होती, आणि ती विणायला अर्धा दिवस लागत होता. तेव्हा मी शहाणपणा केला. तुरिदला लांबलचक पत्र लिहिलं. आमच्याकडे पहिल्या गिऱ्हाइकाला मान असतो, म्हणून त्यानंही जरा जपून मागायचं असतं, वगैरे. मावशीला सांगितलं नाही.

तुरिदचं उत्तर लगेच आलं. तिला रडू आलं म्हणे. इतकी सुंदर प्रथा तिनं ऐकलीच नव्हती. तिनं माझं पत्र आपल्या टोपलीप्रेमी मैत्रिणींच्या गटात टाकलं होतं.

दुसऱ्या दिवशी साडेपाचला दुकानात साठजणी होत्या. सगळ्या एक डॉलर घेऊन, सगळ्या पहिल्या. यंत्रानं एकीला हो म्हटलं आणि एकोणसाठजणींना नम्रपणे परत पाठवलं. मावशी भिंतीला टेकली. तीस वर्षांत तिनं एक गिऱ्हाईक परत पाठवलं होतं तर होडी बुडाली होती. आता एका मिनिटात एकोणसाठ, आणि पंधरा दिवसांनी तीनशे टोपल्या जहाजात चढायच्या होत्या.

मी म्हटलं, ती साडेपाचची अटच काढून टाकते. मावशीनं रद्दीचा गठ्ठा माझ्या हातात दिला. मी विषय सोडला. त्या सकाळी आम्ही एकोणसाठ कागद पेटवले. शेजारचे पाण्याची बादली घेऊन आले.

तोडगा दिएप वहिनीनं काढला. ती म्हणाली, एवढं गिऱ्हाईक धुंडाळताय, ताम काकांना विसरलात का.

ताम काका लॉटरीची तिकिटं विकतात. अख्खा बाजार त्यांच्या हातानं उघडतो. मासळीवाल्या, फुलंवाल्या, हू तिएव म्हणजे शेवयांच्या रश्शाची गाडीवाली, सगळ्या पहाटे त्यांना हाक मारतात. ते पाव किलो काहीतरी घेतात, आणि दिवस चांगला जातो. त्यांना स्वतःला चाळीस वर्षांत एकही लॉटरी लागलेली नाही. नशीब दुसऱ्यांना वाटून संपतं, असं ते म्हणतात. मावशीनं त्यांना कॉफी पाजली आणि अडचण सांगितली. काका म्हणाले, बोहनी ती बोहनी, फोनवर केली म्हणून काय झालं.

मी यंत्राचं पहिलं 'हो' अर्धा मिनिट उशिरा ठेवलं, आणि तेवढ्यात आलेल्यांत काकांना पुढे धरायला सांगितलं. काका रोज पहाटे आमच्या ओट्यावर बसून, आमचं वायफाय वापरून, आमच्याच पत्त्यावर कपाखाली ठेवायची एक चकती मागवायचे. एक हजार डोंग, म्हणजे डॉलरचा पंचविसावा हिस्साही नाही. साडेपाचला काकांची मागणी, मग यंत्राचं 'हो', मग नॉर्वेच्या बायकांचा दिवस उघडायच्या आतच बंद. मी चकती उचलून काकांच्या हातात द्यायचे. साइटवर 'माल पोचला' असं दाबायचे. सगळा आंतरराष्ट्रीय व्यवहार तीन फुटांत आटपायचा. मावशीच्या चेहऱ्यावर रंग आला. तेरा दिवस सगळं नीट चाललं. कागद पेटला नाही. तीनशेव्या टोपलीच्या काठाला दिएप वहिनीनं पट्टी शिवली आणि मान न वळवता पाठीवर आडवी झाली.

बुधवारी ट्रक यायचा होता. मंगळवारी नऊ वाजून चार मिनिटांनी साइटचं पत्र आलं. आपल्या दुकानात रोज ठरावीक वेळी, एकाच पत्त्यावरून, त्याच पत्त्यावर, खोटी खरेदी होत असल्याचे आढळले आहे. दुकान कायमचे बंद करण्यात येत आहे. चालू मागण्या रद्द. हे पत्र यंत्राने लिहिले आहे, उत्तर देऊ नये.

ग्रासाबाईंना कळवायचं तर त्यांचा पत्ता दुकानाबरोबरच बंद झाला होता आणि फोन नव्हता. साइटवर कुणी फोन नंबर लिहिला की तिथे आपोआप फुल्या उमटतात. इतक्या आठवड्यांत आमच्याकडे त्यांच्या खूप फुल्या जमल्या होत्या. नाव ग्रासा, गाव लिस्बन, एवढ्यावर महाजालात दोन दिवस शोधलं. लिस्बनमध्ये ग्रासा पुष्कळ आहेत. एकीनं मला टोपली नको, पण नवरा सुतार आहे, असं कळवलं.

सगळ्यात जास्त लागलं ते ताम काकांना. ते पत्र त्यांनी मला वाचून दाखवायला लावलं, आणि 'खोटी खरेदी' या शब्दांवर बोट ठेवलं.

"चाळीस वर्षं बाजार माझ्या हातानं उघडतो," ते म्हणाले. "मी एकसुद्धा चकती फुकट घेतली नाही. खोटं काय आहे त्यात?"

तेरा चकत्या त्यांनी खरंच घरी वापरायला नेल्या होत्या. त्यांच्या घरी कप दोन आहेत.

गुरुवारी फातशेठ आला. त्याला कुणी बोलावलं नव्हतं. बंद पडलेल्या दुकानाचा वास त्याला कालव्याच्या पलीकडून येतो. तो मावशीला फार आदरानं बोलला. म्हणाला, साऊताई, वय झालं आपलं, ही नवी खेळणी पोरांसाठी. तीनशेच्या तीनशे उचलतो, नेहमीच्या भावात. फक्त त्या पट्ट्या काढून द्या. त्यानं स्वतःची लेबलं आणलीच होती. त्यावर ती हसरी बाई होती. यंदा तिचा फोटो नवा होता, अजून जास्त हसत होती.

नऊजणींची पाच आठवड्यांची मजुरी त्या टोपल्यांत अडकलेली होती. मावशीनं हो म्हटलं. तिनं शेठला कॉफीही विचारली.

शुक्रवारी सकाळपासून आम्ही कात्र्या घेऊन बसलो. तीनशे पट्ट्या शिवायला जितका वेळ लागला त्याच्या निम्म्यात निघाल्या. पट्ट्यांचा ढीग ओंग दियासमोर ठेवला, तोही हसतच होता. त्याला दुसरं येत नाही. मी विचारलं, यांचं काय करायचं, जाळायच्या का. आमच्याकडे कागद जाळायची सवय झालेलीच होती.

मावशीनं एक टोपली उलटी घेतली, तळाच्या दुहेरी चटईची शिवण चार बोटं उसवली, एक पट्टी आत सरकवली आणि पुन्हा शिवली. टोपली सुलटी केली. काही दिसत नव्हतं. मग दुसरी घेतली.

थोड्या वेळानं दिएप वहिनीही उसवायला लागली. मग सगळ्याच. दुपारचा भात कुणी खाल्ला नाही. साधारण शंभराव्या टोपलीला वहिनीला राहवेना.

"ताई, हे कुणाला दिसणार?"

"टोपली फाटेल तेव्हा दिसेल," मावशी म्हणाली.

वहिनीनं हातातल्या टोपलीचा तळ दोन्ही अंगठ्यांनी दाबून पाहिला. मग हळूच म्हणाली, "आपली टोपली फाटत नाही."

मावशीनं सुईत दोरा ओवला. तिला तो तिसऱ्या वेळी जमला. "हो ना," ती म्हणाली. "तेच तर."

शनिवारी फातशेठचा ट्रक भरला. त्यानं दोन-चार टोपल्या उलट्या करून तळ ठोकला, पक्का आहे म्हणाला आणि गेला.

साइटवर बंद दुकानासाठी एकच अर्ज करता येतो, हजार अक्षरांच्या आत. मी दुकान परत मागायला बसले तेव्हा मावशी फोन पुसत होती, सवयीनं. ती म्हणाली, दुकान मागू नको, ते देणार नाहीत. मी विचारलं, मग काय मागू. ती म्हणाली, जे मिळणारच नाही असंच काहीतरी मागायचं, तर निदान आपल्या कामाचं माग. मी लिहून तिला वाचून दाखवलं. तिनं दोन शब्द बदलले आणि खाली नाव घालायला सांगितलं, लहान, वाचता येईल एवढं.

प्रति,
मा. तक्रार निवारण यंत्र,

विषय : टोपल्यांचे तळ उसवण्याबाबत.

महोदय,

उपरोक्त विषयास अनुसरून विनंती करण्यात येते की, आमचे दुकान बंद करण्याच्या आपल्या निर्णयाबद्दल आमचे काही म्हणणे नाही. तथापि जलपर्णीच्या तीनशे टोपल्या सध्या समुद्रमार्गे रवाना झालेल्या असून त्या मजबूत असल्याने आपोआप फाटण्याची शक्यता नाही. सबब, सदर टोपल्या ज्या ज्या घरी पोचतील तेथील रहिवाशांनी दिवसाच्या पहिल्या प्रहरी टोपली उलटी करून तळाची शिवण चार बोटे उसवावी, आत पाहावे, जे लिहिले आहे ते एकदा मोठ्याने वाचावे व तळ पूर्ववत शिवून घ्यावा, असे आदेश आपल्या स्तरावरून जगभर निर्गमित व्हावेत, तसेच केलेल्या कार्यवाहीचा अहवाल पहाटे साडेपाचपूर्वी या कार्यालयास सादर करण्यात यावा, ही नम्र विनंती.

आपली विश्वासू,
दोआन थी लुआ